पक्षाघात, स्मृती आणि जीवनसत्त्वे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात एखादा भारदस्त शब्द वापरला की ते खडू खाली ठेवून विचारीत, ‘याचा अर्थ काय रे?’ उत्तर आले नाही की कपाटातला कोश काढून आणण्याचे काम त्याच विद्यार्थ्याकडे येई. मी तो कोश बऱ्याच वेळा वाहिला आहे. त्यांच्या नावाने बोलायला उभ्या राहणाऱ्या मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून आपली अपेक्षा एखाद्या कवीविषयी किंवा संतवाङ्मयाविषयी ऐकण्याची असणार, याची मला जाणीव आहे. तथापि गेली काही वर्षे एका निराळ्याच शब्दाने माझी पाठ धरली आहे. तो शब्द म्हणजे ‘जीवनसत्त्व’. त्याचा अर्थ मी योग्य वेळी विचारला नाही आणि त्याची किंमत माझ्या घरातल्या एका माणसाला मोजावी लागली. म्हणून आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

प्रारंभीच सांगितलेले बरे, की मी वैद्य नव्हे. जे सांगेन ते डॉक्टर मंडळींकडून समजावून घेतलेले आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनाशी ताडून पाहिलेले आहे. कोणाला कोणती गोळी किती द्यावी, हे सांगण्याचा मला अधिकार नाही.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, डिचोली तालुक्यातील प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झाले आणि पेडणे तालुक्यातील आमच्या मूळ घरी येऊन राहिले. २०१६ साली चवथीचा गणपती पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर बसले होते. वहिनींनी पुढे केलेली कपबशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली. आपल्याकडे म्हणतात तसे अंगावरून वारे गेले. हातपाय पुढे बऱ्यापैकी सुधारले. दोन-अडीच महिन्यांत ते काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागले. सुधारले नाही ते दुसरेच. तहान लागली असताना ‘पाणी’ हा शब्द त्यांना सापडेना. वर्तमानपत्र हाती धरीत आणि एकच ओळ पुनःपुन्हा वाचीत. ज्यांनी शेकडो मुलांकडून पाढे घोकून घेतले, त्यांना दुकानदाराने परत दिलेली मोड मोजता येईना. आणि आश्चर्य असे, की तिन्हीसांजेला दिवा लागला की हरिपाठ मात्र अडखळल्यावाचून म्हणत.

घरात याचा अर्थ सर्वांनी एकच लावला. सारे काही आत शाबूत आहे, ते वर यायला जोर कमी पडतो, आणि जोर आणायचा तर ताकदीचे औषध हवे. पुतण्या परदेशी असतो. पुढच्या खेपेस त्याच्या बॅगेतून जीवनसत्त्वांच्या सहा बाटल्या आल्या. त्यांवर मेंदूचे चित्र होते आणि स्मरणशक्तीचा उल्लेख होता. त्या बाटल्यांवरचा मजकूर वाचून, त्याचा मराठीत अर्थ सांगून, त्या रोज सकाळी द्याव्यात असे ठरवणारा गृहस्थ मीच.

या ठिकाणी शब्दाकडे वळतो. मराठीत आपण ‘जीवनसत्त्व’ म्हणतो. सत्त्व म्हणजे सार, बळ, अंतःशक्ती. गुळवेलीचे सत्त्व, नाचणीचे सत्त्व या शब्दांच्या पंगतीतच तो जाऊन बसला. साहजिकच जीवनसत्त्व जितके अधिक घ्यावे तितके जीवन अधिक, अशी समजूत शब्दातूनच पाझरते. मूळ शब्दाचीही कथा अशीच चुकीची आहे. १९१२ साली कॅसिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने तो घडवला. त्यात ‘जीवन’ या अर्थाचे लॅटिन पद होते आणि त्याला ‘अमाइन’ या रासायनिक वर्गाचे नाव जोडलेले होते. सगळीच जीवनसत्त्वे त्या वर्गातली नाहीत हे लौकरच उघड झाले आणि १९२० मध्ये शब्दाचे शेवटचे अक्षर गाळण्यात आले. शब्द दुरुस्त झाला, समजूत राहिली.

वस्तुतः या पदार्थांचा इतिहास बळाचा नसून उणिवेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा खायला दिला की उठतात, असे त्याच्या ध्यानात आले. कोंड्यात जे होते ते पुढे जीवनसत्त्व ब-१ म्हणून ओळखले गेले आणि आइकमानला १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लक्षात घ्यावयाचे ते हे, की ज्या कोंबडीला कोंडा मिळतच होता तिला आणखी कोंडा दिल्याने ती काही गरुड झाली नाही. उणीव भरली की काम संपले.

याच जीवनसत्त्वाशी आपल्या स्वयंपाकघराचे एक जुने नाते आहे. पेडणे, डिचोली, सावंतवाडी या पट्ट्यात पेज व्हायची ती उकड्या तांदळाची. भात साळीसकट भिजवून उकडला की कोंड्याच्या थरातले ब-१ काही प्रमाणात दाण्याच्या आत शिरते आणि नंतर कांडले तरी पुष्कळसे टिकून राहते. म्हणूनच उकडा तांदूळ खाणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरी फारसा माजला नाही. आमच्या आजीला हे रसायन ठाऊक नव्हते. पांढऱ्या तांदळाच्या भाताला मात्र ती ‘पावण्यांचो भात’ म्हणे.

पण ब-१ चा विषय पेजेवर संपत नाही. मेंदूच्या पेशी साखरेवर चालतात आणि साखरेचे ऊर्जेत रूपांतर होण्यास ब-१ लागते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या, जेवणाकडे पाठ फिरवलेल्या माणसात त्याचा साठा संपतो. मग एकाएकी भ्रम होतो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो. हे वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये वर्णन करून ठेवले. वेळीच ब-१ टोचले नाही तर नव्या आठवणी साठवण्याची शक्तीच जाते; ते वर्णन कोर्साकोफ या रशियन डॉक्टरने १८८७ पासूनच्या लेखांतून केले. आपल्या गोव्यात यावर कुजबुजून बोलण्याची पद्धत आहे, म्हणून मी मोठ्याने बोलतो. घरातला पिणारा माणूस एके सकाळी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ‘काल ज्यास्त झाली’ म्हणून निजवून ठेवू नये. तो पक्षाघात असेल किंवा ही उणीव असेल. दोन्हींत तास मोजायचे असतात. आणि डॉक्टरांपासून पिण्याची गोष्ट लपवू नये, कारण ब-१ द्यायचे की नाही हे त्यावरून ठरते.

आता मुख्य विषयाकडे येतो. पक्षाघातानंतर बुद्धीला नेमके होते काय? मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. पहिला प्रकार पुष्कळच अधिक आढळतो. त्या वाहिनीवर पोसला जाणारा भाग काही मिनिटांपासून काही तासांत मरतो. तो भाग डाव्या बाजूच्या भाषाकेंद्रांत असेल तर वाचाघात होतो. शिवाय ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढा असतो त्यांच्या मेंदूतल्या अगदी बारीक वाहिन्या आधीच जागोजाग बुजलेल्या असतात. त्यामुळे विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, चार पायऱ्यांचे काम क्रमाने करता येत नाही. दादांचे मोड मोजणे गेले ते यामुळे. आणि हरिपाठ का राहिला? लहानपणापासून हजारो वेळा म्हणून जे जिभेवर बसलेले असते, ते अनेकदा शब्द शोधून वाक्य जुळवण्याच्या यंत्रणेवाचून बाहेर पडते. आम्ही ज्याला आत शाबूत असलेल्या शक्तीचा पुरावा समजलो, ती एक वेगळीच वाट होती.

मेलेल्या पेशी कोणत्याही बाटलीने परत उठत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांचे काम थोडेबहुत शिकून घेतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हे शिकणे सर्वांत वेगाने होते, पुढेही सावकाश चालू राहते, आणि त्याला सराव लागतो. येथवरचे स्पष्ट झाल्यावर प्रश्न असा उरतो, की त्या शिकण्याला किंवा उरलेला मेंदू राखण्याला जीवनसत्त्वांची मदत होते का?

हा प्रश्न खुळा नाही. त्याच्यामागे पन्नासांहून अधिक वर्षांचा गंभीर विचार आहे, आणि त्याचे एक मूळ आपल्या मुंबईत सापडते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विलक्षण पंडुरोग होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने फुगत. परळच्या हाफकिन संस्थेत काम करून विल्सबाईंनी दाखवून दिले, की यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात ‘मार्माइट’ नावाने मिळणारा काळा लेप, या बायकांना बरे करतो. तो निबंध १९३१ चा. गिरणगाव आपल्याला परके नाही. पेडणे-सावंतवाडीकडची कितीतरी माणसे पोटासाठी तेथे गेली. अर्कातला तो गुणकारी पदार्थ १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून वेगळा काढण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. कारखान्यात ते बनवण्याची रीत १९४५ च्या सुमारास ज्या संशोधकगटाने सिद्ध केली, त्याचे प्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातले. पालेभाजीचा हा पदार्थ मुंबई, पालक आणि एक तेलुगू शास्त्रज्ञ यांच्या वाटेने औषधाच्या दुकानात आला, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

फॉलिक आम्लाचा जोडीदार ब-१२. हे दोघे मिळून शरीरात एक काम करतात. आपण खाल्लेल्या प्रथिनांतून होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ तयार होतो. त्याला पुन्हा उपयोगी रूप देण्यास या दोघांची गरज असते, आणि त्याची विल्हेवाट लावण्याच्या दुसऱ्या एका वाटेवर ब-६ लागते. यांपैकी काही कमी पडले की होमोसिस्टीन रक्तात साचते. १९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकन डॉक्टरने असे मांडले, की हे साचणे रक्तवाहिन्यांना अपायकारक आहे. पुढच्या पाहण्यांत होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत पक्षाघात आणि विस्मरण अधिक आढळले. मग साधा तर्क झाला: स्वस्त जीवनसत्त्वे द्या, होमोसिस्टीन उतरवा, मेंदू वाचवा.

तर्क सुंदर होता. त्याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली. अमेरिका, कॅनडा आणि स्कॉटलंड येथील ३,६८० पक्षाघातग्रस्तांवरील प्रयोगाचा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन उतरले, पण दोन वर्षांत दुसरा झटका येण्याचे प्रमाण उतरले नाही. नंतर २० देशांतील ८,१६४ रुग्णांना फॉलिक आम्ल, ब-६ व ब-१२ किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन पाहण्यात आले. २०१० साली त्याचा निकाल आला. लक्षात यावा असा फरक नव्हता. याच रुग्णांपैकी ३,०८९ जणांची स्मृती व आकलन वेळोवेळी तपासले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तो निकाल आपल्या विषयाशी थेट भिडणारा आहे. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांची बुद्धी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक टिकली नाही.

मी हा निकाल प्रथम वाचला तेव्हा मला राग आला होता. माणूस आशेच्या बाजूने वाचतो. म्हणून दुसऱ्या बाजूचेही सांगतो. चीनमध्ये २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१५ मध्ये आला. ज्यांना पूर्वी पक्षाघात झालेला नव्हता अशा या लोकांत, रक्तदाबाच्या गोळीला फॉलिक आम्लाची जोड दिली असता साडेचार वर्षांत पहिला झटका येण्याचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. त्या लोकांच्या आहारात फॉलिक आम्ल कमी होते. अमेरिकेत मात्र १९९८ पासून पिठातच ते मिसळणे सक्तीचे आहे. ऑक्सफर्डला विस्मरणाची सौम्य तक्रार असलेल्या १६८ वृद्धांच्या मेंदूची छायाचित्रे दोन वर्षांच्या अंतराने घेण्यात आली. ब गटाची जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचा मेंदू संथपणे आक्रसला, आणि ज्यांचे होमोसिस्टीन मुळात चढे होते त्यांना लाभ अधिक झाला. तो निकाल २०१० चा. अलीकडे, २०२२ मध्ये, अमेरिकेतल्या वृद्धांना रोज बहुजीवनसत्त्वाची गोळी दिली असता स्मृतीच्या चाचणीत थोडी सुधारणा दिसली. पण पक्षाघात होऊन गेलेल्यांना त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. या सर्वांतून एकच सूत्र निघते आणि ते आइकमानच्या कोंबड्यांचेच आहे. जेथे उणीव तेथे उपयोग. जेथे ती नाही तेथे जवळपास काही नाही.

मग आपल्याकडे उणीव आहे का? येथे पुण्याकडे पाहावे लागते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली ते प्रसिद्ध झाले. ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात ब-१२ कमी असलेले ८१ टक्के! खाऊनपिऊन सुखी असलेल्या, शिकलेल्या, बव्हंशी शाकाहारी माणसांतली ही उणीव.

ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते केवळ सूक्ष्म जंतू तयार करतात आणि आपल्याला ते मासळी, अंडी, मांस, दूध यांतून मिळते. आपल्या तिसऱ्या तर या बाबतीत साऱ्या अन्नांत वरच्या रांगेत बसतात. श्रावण पाळणाऱ्यांनी काळजी करू नये. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, महिनाभर मासळी सोडल्याने तो आटत नाही. भटजींच्या, पुजाऱ्यांच्या घरांत मात्र, जेथे मासळी पिढ्यान्‌पिढ्या वर्ज्य आणि दूध चहापुरते, तेथे प्रश्न खरा आहे. आमचे घर त्यातलेच. आंबोळीच्या आंबण्यातून किंवा पावसाळ्यातल्या अळम्यांतून ब-१२ मिळते असे सांगणारे भेटतात. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उलट, रोज मासळी खाणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. म्हातारपणी जठरातले आम्ल कमी होते आणि अन्नात बांधलेले ब-१२ सुटत नाही. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर तेच होते. आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही अत्यंत उपयुक्त गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ब-१२ घटते.

दादा शाकाहारी, मधुमेही, बारा वर्षे मेटफॉर्मिनवर. पायांना मुंग्या येत, अंधारात तोल जाई, दिवसभर ग्लानी असे. आम्ही सारे पक्षाघाताच्या खाती मांडून मोकळे झालो होतो. एका तरुण डॉक्टरबाईंनी रक्तातले ब-१२ तपासायला सांगितले. आकडा आला १३८. मिलिलिटरमागे दोनशे पिकोग्रॅमच्या खाली गेले की कमी समजतात. मी चकित झालो, कारण परदेशी बाटल्या चालूच होत्या. बाटली हातात घेऊन डॉक्टरबाईंनी दाखवले: तीत फॉलिक आम्ल भरपूर होते, ब-१२ चे प्रमाण जेमतेम रोजच्या गरजेइतके, दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ज्याचे शोषणच होत नाही त्याला इतक्याने काय होणार? त्याहून वाईट म्हणजे नुसत्या फॉलिक आम्लाने रक्तातला पंडुरोग झाकला जातो आणि ब-१२ च्या अभावी मज्जातंतूंची झीज आतून चालूच राहते. रक्त चांगले दिसते म्हणून कोणी पुढे पाहत नाही.

टोचणी सुरू झाली, पुढे मोठ्या मात्रेच्या गोळ्या. तोंडाने घेतलेल्या हजार मायक्रोग्रॅममधून नेहमीच्या वाटेवाचूनही सुमारे एक टक्का शरीरात शिरतो, म्हणून बहुतेकांना गोळीही चालते. तीन-चार महिन्यांत ग्लानी ओसरली, पायांच्या मुंग्या कमी झाल्या, वर्तमानपत्राची ओळ पुढे सरकू लागली. मोड मोजणे आले नाही. ‘पाणी’ हा शब्द आला, पण तो टोचणीने आला असे मी म्हणणार नाही. वहिनी रोज सकाळी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू पुढे ठेवून नाव विचारीत, त्याने तो आला असावा. प्रथम आला तोही आमच्या घरच्या कोकणीत, ‘उदक’ म्हणून. वाचनाची मराठी मागाहून आली. यातून कोणी भाषावादाचा निष्कर्ष काढू नये! हैदराबादेत ६०८ पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांची बुद्धी पुढे शाबूत राहिली, तर एकभाषिकांपैकी सुमारे २० टक्क्यांची. पेडण्या-डिचोलीचा माणूस दोन भाषांत जन्मतो. ती एक मिळकतच म्हणायची.

आता जे सांगणे मला जड जाते ते सांगतो. ब-१२ मुळे दादा टवटवीत दिसू लागले आणि आम्ही हुरळलो. २०१८ च्या वैशाखात वहिनींनी मला विचारले, ‘भावजी, इतक्या गोळ्या पोटात जातात, काही कमी करता येतील का?’ रक्तदाब तेव्हा १३० च्या घरात होता. मी म्हणालो, ‘दाब उतरलाच आहे, ती गोळी तूर्त राहू द्या. जीवनसत्त्वे मात्र सोडू नका, त्यांचा अपाय नाही.’ दाब उतरलेला होता तो त्या गोळीमुळे, एवढा साधा कार्यकारणभाव आयुष्यभर शिकवणाऱ्याच्या ध्यानात आला नाही. डॉक्टरांना विचारले नाही. मृगाचा पाऊस लागला त्या आठवड्यात दादांना दुसरा झटका आला. लहान होता, पण गेल्या दीड वर्षात परत मिळवलेल्यापैकी अर्धे घेऊन गेला.

त्यानंतर मी जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. पक्षाघात होऊन गेलेल्या ६,१०५ जणांवरचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांनी सुमारे चार वर्षांत पुढचा झटका येण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. त्याच रुग्णांच्या बुद्धीविषयीचा भाग २००३ साली आला. आकलनाची घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली होती. जीवनसत्त्वांच्या प्रयोगांनी जे दाखवले नाही, ते येथे दाखवले गेले होते. पक्षाघातानंतर स्मृती राखणारी गोळी अस्तित्वात आहे. तिच्या वेष्टनावर मेंदूचे चित्र नसते आणि ती घेतल्याने ताजेतवाने वाटत नाही, म्हणून ती आपल्याला औषधच वाटत नाही.

‘जीवनसत्त्वांचा अपाय नाही’ हे माझे वाक्यही खोटे होते. ई जीवनसत्त्वावरच्या प्रयोगांचे निकाल २०१० साली एकत्र मांडण्यात आले, तेव्हा मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने वाढलेले दिसले. ब-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर हातापायांच्या नसाच बधिर होतात, आणि आपण ती बधिरता पुन्हा पक्षाघाताच्या नावावर लिहितो. अ आणि ड शरीरात साचतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे ज्यांना वॉर्फरिन दिलेले असते, त्यांच्या गोळीशी के जीवनसत्त्वाचा उभा दावा असतो. बहुजीवनसत्त्वाच्या गोळीत ते असू शकते, आणि आपल्या तांबड्या भाजीत, शेगटाच्या पाल्यात तर असतेच. अशांनी भाजी सोडू नये. रोज सारख्या प्रमाणात खावी आणि सांगितलेल्या दिवशी रक्त तपासावे. बाकीच्यांनी भाजी, मूग, अळसांदे, कुळीथ यांचा आळस करू नये, कारण फॉलिक आम्ल त्यांतच आहे. फार वेळ शिजवून पाणी ओतून टाकले की ते निघून जाते, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ड जीवनसत्त्वाची २५,८७१ जणांवर अमेरिकेत परीक्षा झाली, निकाल २०१९ साली आला. पक्षाघात टाळण्यास त्याचा उपयोग दिसला नाही. हाडांसाठी कोणाला लागत असेल तर ती गोष्ट वेगळी.

विस्मरणाचे खापर उणिवेवर किंवा मेंदूवर फोडण्यापूर्वी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्या पाहिल्या जात नाहीत. पक्षाघातानंतर अनेकांना खोल उदासी येते. उदास माणूस उत्तर देत नाही आणि आपण म्हणतो त्याला आठवत नाही. थायरॉइड मंद असतो. ऐकू येत नाही. दादांच्या चष्म्याचा क्रमांक बदलून तीन वर्षे झाली होती, हे आम्हाला दुसऱ्या झटक्यानंतर समजले.

आणि सांभाळणाऱ्यांचे काय? गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेच्या मंडळींनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु शिक्षण दिलेल्या व्यक्ती घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावून देत, काळजी कशी घ्यावी ते दाखवीत. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य त्याने सुधारले. तो पक्षाघाताचा प्रयोग नव्हता, पण वहिनींकडे पाहिले की मला तो आठवतो. सहा बाटल्यांवर जे पैसे गेले त्यांत आठवड्यातून दोन दुपारी त्यांना कोणी सोबतीण मिळाली असती, तर दादांनाही अधिक शब्द मिळाले असते असे मला वाटते.

दादा आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. दर तीन महिन्यांनी आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेतो. वहिनी आदल्या रात्री एका कापडी पिशवीत घरातले सगळे औषध भरतात: दाबाची गोळी, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी, ब-१२, पुतण्याने नव्याने पाठवलेले जे काही असेल ते, शेजारणीने दिलेला काढासुद्धा. सोबत एक शाळेची वही असते, तीत दाबाचे आकडे तारीखवार लिहिलेले असतात. डॉक्टर पिशवी टेबलावर उपडी करतात आणि एकेक बाटली उचलून विचारतात, ‘हे कशासाठी?’ ज्याचे उत्तर आम्हाला देता येत नाही ती बाजूला काढून ठेवतात. गेल्या खेपेस तीन बाजूला गेल्या. दाबाची गोळी कोणती, हे मात्र दादांनी स्वतः बोट ठेवून दाखवले, आणि तिचे नाव आठवेना तेव्हा म्हणाले, ‘ती... तुझी गोळी.’